मूर्तीच्या बाहीवरचा खोटा बिल्ला

१/
गेल्या हिवाळ्यात आमच्या मुकुटबनला एक छोटे प्रदर्शन भरले होते. गावातल्या मुलांनी किल्ले, तोफा आणि सैनिकांच्या लघुप्रतिकृती मांडल्या होत्या. एका मुलाने आपल्या पणज्याची मूर्ती घडवली होती. शाडूची, वीतभर उंचीची, खाकी रंगाची. पणजा महार रेजिमेंटमध्ये होता. टोपीवर चिकटवलेला बिल्ला मात्र आजचा होता: तिपाईवरील दोन मशीनगन, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि मधे खंजीर.

२/
मूर्तीशेजारी पणज्याचे खरे छायाचित्र ठेवले होते. पाठीवर शाईने लिहिलेले: कामठी, १९४५. मी भिंग धरले. मुलानेही डोळा लावला आणि म्हणाला, "काका, याच्यात तं खांब दिसते." खांबच होता. शेजारी उभे असलेले एक जाणते गृहस्थ म्हणाले, "एवढं बारीक कोणाले दिसते जी? अन् खांब कशाले? उगाच बोलाचाली होईन." हा थ्रेड त्या दोन वाक्यांना उत्तर आहे.

३/
माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट सांगतो. सैनिकाच्या प्रतिकृतीवर लावलेले प्रत्येक चिन्ह हे एक विधान असते आणि त्या विधानाला तारीख असते. जे ठाऊक आहे ते गाळू नये. जे ठाऊक नाही ते लावू नये. रिकामी बाही हा दोष नव्हे. खोटा बिल्ला हा मात्र दोष आहे, मग तो कितीही भक्तिभावाने लावलेला असो.

४/
गणवेशावरील चिन्ह चार प्रश्नांची उत्तरे देते. हा माणूस कोणत्या सत्तेचा? कोणत्या पलटणीचा? त्याचा हुद्दा काय? आणि हा क्षण कोणत्या वर्षीचा? पुस्तकात ही चार उत्तरे द्यायला चार वाक्ये लागतात. मूर्तीवर ती दोन मिलिमीटर रंगात दिली जातात. म्हणूनच तेथे चूक झाली की चारही उत्तरे एकदम बिघडतात.

५/
पहिले उदाहरण सर्वांच्या परिचयाचे. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेल्या एखाद्या मावळ्याच्या दंडावर हौशी हातांनी तीन फिती काढलेल्या असतात, कारण "हा हवालदार आहे". हुद्दा खरा आहे. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली. तिच्यात नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी ही उतरंड दिली आहे. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, असे सभासद सांगतो.

६/
फिती मात्र खोट्या आहेत. दंडावरील व्ही आकाराच्या फितींनी हुद्दा दाखवण्याची रीत ब्रिटिश सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी रुजली आणि तेथून ती हिंदी पलटणींत आली. म्हणजे शब्द आपला, खूण परकी, आणि दोहोंमध्ये सव्वाशे वर्षांहून अधिक अंतर. शिवकालीन हवालदाराला तीन फिती लावणे म्हणजे त्याच्या हाती मनगटी घड्याळ बांधणे होय.

७/
"मग त्याचा हुद्दा दाखवायचा कसा?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की त्या काळी हुद्दा माणसाच्या अंगावरील बिल्ल्यावरून ओळखला जात नसे. घोडा, शस्त्र, वस्त्राचा पोत, मागे चालणारी माणसे, मूर्तीची मांडणीतली जागा, यांतून तो दाखवता येतो. शिलेदार स्वतःचा घोडा बाळगी, बारगिराला घोडा सरकारातून मिळे. हा भेद घोड्याच्या साजातून दाखवा. त्याला वाचन लागते; फीत रंगवायला केवळ ब्रश लागतो.

८/
आता आपल्याच मुलखाकडे या. एप्रिल १८१८ मध्ये दुसरा बाजीराव आपल्या उरल्यासुरल्या फौजेसह याच वणी-पांढरकवड्याच्या परिसरात होता. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी करण्यासाठी त्याला चांद्याकडे जायचे होते. पांढरकवड्याजवळ कर्नल ॲडम्सच्या घोडदळाने आणि घोडतोफखान्याने त्याच्या फौजेची दाणादाण उडवली. पुढे जूनमध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला.

९/
मुकुटबन, झरी, वणी, मारेगाव येथील कोणाही मुलाने हा प्रसंग प्रतिकृतीत उभा केला तर मला आनंदच होईल. पण त्याने आधी काय समजून घ्यावे? पेशव्यांच्या स्वारांना एकसारखा गणवेश नव्हता. एका छापाचे वीस स्वार भगव्या पागोट्यांत रांगेने उभे करणे हीच पहिली चूक. समोरची फौजही "इंग्रज" म्हणून एका रंगात बुडवता येणार नाही. कंपनीच्या मुंबई, मद्रास आणि बंगाल या तीन इलाख्यांची तीन स्वतंत्र सैन्ये होती, आणि तिन्हींचे गणवेश वेगळे होते.

१०/
"लाल डगला दिसला की कंपनीचा शिपाई" हे समीकरणही तपासून पाहा. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयनने उभारलेल्या कवायती पलटणींतही लाल डगले होते. रंग एकट्याने काहीच सिद्ध करीत नाही. पलटण आणि वर्ष निश्चित झाल्यावरच रंगाला अर्थ येतो. जो मुलगा केवळ रंगावरून बाजू ठरवतो, तो उद्या नावावरून माणूस ठरवील.

११/
पहिल्या महायुद्धाकडे वळू. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. वेढ्यात अडकलेल्यांत तीन मराठा पलटणी होत्या: १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. उपासमार, रोग आणि त्यानंतर कैद. महाराष्ट्राच्या किती घरांतून ती माणसे परत आली नाहीत, हे तेथील स्मारकांवरील नावे सांगतात.

१२/
या शिपायांच्या मूर्ती करणारे हौशी कलावंत त्यांच्यावर बहुधा "मराठा लाइट इन्फंट्री" हा आजचा बिल्ला लावतात. तसे करू नये. त्या वेळी प्रत्येक पलटण आपल्या क्रमांकाने ओळखली जाई. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी एकत्र आणून पाचवी महरट्टा लाइट इन्फंट्री घडवली गेली. १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी प्रशिक्षणाची दहावी बटालियन झाली. इंग्रजी नावातील "महरट्टा"चे "मराठा" तर स्वातंत्र्यानंतर झाले.

१३/
"पण ती माणसे मराठेच होती ना?" होती. म्हणूनच त्यांचा क्रमांक पुसू नका. ज्या माणसाने कूतच्या वेढ्यात घोड्याचे मांस खाऊन दिवस काढले, तो "११७ वी" म्हणून लढला, "११७ वी" म्हणून कैद झाला आणि मेला तर त्याच क्रमांकाखाली नोंदला गेला. त्याच्या मूर्तीवर आजचा बिल्ला लावणे म्हणजे त्याला त्याच्याच पलटणीतून काढून टाकणे.

१४/
आता दोन शूरांची तुलना पाहा. नाईक यशवंत घाडगे, ३/५ महरट्टा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. त्यांच्या तुकडीतील सारे साथी पडले. ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ठाणे घेतले आणि तेथेच शत्रूच्या गोळीने पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

१५/
त्यांची मूर्ती घडवताना दंडावर दोन फिती हव्यात, कारण नाईकाला दोन. तीन लावल्या तर तुम्ही त्यांना हवालदार केलेत. छातीवर व्हिक्टोरिया क्रॉसची किरमिजी पट्टी मुळीच नको. ज्या क्षणाची ही मूर्ती आहे, त्या क्षणी ते पदक अस्तित्वातच नव्हते, आणि ते पदक लावलेले घाडगे कोणीही कधी पाहिले नाहीत. आदरापोटी रंगवलेली ती पट्टी त्यांचे मरणच पुसून टाकते.

१६/
दुसरे नामदेव जाधव, १/५ महरट्टा लाइट इन्फंट्री. ९ एप्रिल १९४५, इटलीतील सेनिओ नदी. ते कंपनीचे निरोप्ये होते. गोळीबारातून त्यांनी जखमी साथीदारांना नदीपार नेले, मग परत येऊन शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांचा हुद्दा शिपाई. म्हणजे दंडावर फीत शून्य.

१७/
इथे हौशी मंडळींचा हात थरथरतो. "एवढा मोठा वीर आणि बाही कोरी?" होय, कोरी. त्या कोऱ्या बाहीतच त्या प्रसंगाचे सारे सामर्थ्य आहे: हुकूम देण्याचा अधिकार नसलेल्या माणसाने त्या दिवशी लढाईचे पारडे फिरवले. ते वाचले, व्हिक्टोरिया क्रॉस घेतलेल्या नंतरच्या नामदेवांची मूर्ती करायची असेल तर पट्टी जरूर लावा. पण सेनिओच्या काठावर ती नको.

१८/
तिसरे उदाहरण स्वतंत्र भारताचे. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, मूळचे कारवारकडचे, बॉम्बे इंजिनिअर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवरील सुरुंग आणि अडथळे त्यांनी गोळीबारात दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. खांद्यावर एकच तारा. छातीवर परमवीर चक्र नको, कारण परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली. १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना ते पूर्वलक्षी प्रभावाने दिले गेले.

१९/
आणखी एक बारकावा. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात आपले अधिकारी जुन्याच पदचिन्हांनिशी लढले. मेजरच्या खांद्यावर तेव्हा मुकुट होता. प्रजासत्ताक झाल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. १९४८ च्या मेजरला सिंह लावणे देशभक्तीचे वाटते, पण त्यामुळे एक विलक्षण सत्य हरवते: हे सैन्य जुन्या राजाचा मुकुट खांद्यावर वागवत नव्या देशासाठी लढत होते. इतिहासाचा हा पेच दोन मिलिमीटरच्या मुकुटात मावतो. तो का फेकून द्यायचा?

२०/
चिन्हे आजही बदलतात. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या ध्वजावरील सेंट जॉर्जचा लाल क्रॉस गेला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेपासून प्रेरणा घेतलेली अष्टकोनी चौकट आली. आता १९७१ च्या युद्धनौकेच्या प्रतिकृतीवर हा नवा ध्वज लावणार का? तो ध्वज तुम्हांला अधिक प्रिय असेल, मलाही आहे. पण १९७१ मध्ये कराचीवर चालून गेलेल्या खलाशांच्या डोक्यावर तो फडकत नव्हता.

२१/
आता पहिल्या आक्षेपाकडे येऊ: "एवढं बारीक कोणाले दिसते?" गणित करू. १:३५ प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस ५० मिलिमीटरचा होतो. खरी फीत ९ सेंटिमीटर रुंद धरली तर ती अडीच मिलिमीटर होते. साडेचार सेंटिमीटरचा टोपीचा बिल्ला जेमतेम सव्वा मिलिमीटर होतो. १:७२ प्रमाणात माणूस साधारण २४ मिलिमीटर आणि बिल्ला अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक.

२२/
या गणितातून दोन गोष्टी निघतात. एक: १:३५ च्या मूर्तीवर कोणी ५ मिलिमीटरचा बिल्ला लावला, तर खऱ्या माणसाच्या टोपीवर तो साडेसतरा सेंटिमीटरचा, म्हणजे नाश्त्याच्या बशीएवढा झाला. दोन: १:७२ वर बिल्ल्यातील बंदुका, खंजीर, अक्षरे काहीच दिसणार नाहीत, तेथे धातूच्या रंगाचा एक ठिपका हेच प्रामाणिक चित्रण. म्हणजे "दिसत नाही" हा युक्तिवाद खोटे चिन्ह लावण्याच्या बाजूचा नाहीच. दिसत नसेल तर खोटे लावायचे तरी कशासाठी?

२३/
फीत कशी रंगवावी, तेही सांगतो. टीका करून हात झटकणे बरे नव्हे. बाहीचा मूळ रंग पूर्ण वाळू द्या. बारीक ब्रशने फितीच्या पांढुरक्या रंगाची एकच जाड व्ही काढा. ती वाळली की बाहीच्याच रंगाच्या बारीक रेषांनी तिचे दोन किंवा तीन भाग करा. प्रत्येक फीत स्वतंत्र रंगवण्यापेक्षा अशी कापून काढलेली फीत सरळ येते. पांढरा शुभ्र रंग टाळा. एवढ्या लहान मूर्तीवर तो डोळ्यांत खुपतो. त्यात किंचित पिवळट रंग मिसळा.

२४/
छापील डेकल वापरायचे असेल तर ज्या जागी ते बसवायचे तेथे आधी चकचकीत वॉर्निशचा पातळ हात द्या. खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक येते. डेकल चिन्हालगत कापा, कोमट पाण्यात भिजवा, कागदावरून सरकवत जागेवर न्या आणि ओल्या ब्रशने पाणी बाहेर काढा. वाळल्यावर मॅट वॉर्निश द्या. गावात डेकल मिळत नसेल तर पातळ कागदावर छापलेले चिन्ह, कडा मागून घासून, पांढऱ्या गोंदाने लावता येते. साधन स्वस्त असले तरी चालेल. माहिती स्वस्त असून चालत नाही.

२५/
दुसरा आक्षेप भक्तीचा: "थोडे अधिक लावले तर गौरवच होतो." हा युक्तिवाद मला सर्वांत धोक्याचा वाटतो. गौरवासाठी भर घालण्याची सवय लागली की सत्य अपुरे वाटू लागते. घाडग्यांचे दोन फितींनिशी मरणे अपुरे वाटते, नामदेवांचे साधे शिपाई असणे अपुरे वाटते. त्या माणसांनी जे केले त्याला आपल्या रंगाच्या डबीतून भर घालण्याची गरज नाही. भर आपण आपल्या समाधानासाठी घालतो आणि नाव त्यांचे सांगतो.

२६/
तिसरा आक्षेप: "मुलांचा खेळ आहे, कशाला एवढे मनावर घेता?" पण मूल इतिहास प्रथम कोठे शिकते? पाठ्यपुस्तकाआधी ते किल्ल्यावरची चित्रे हाताळते. हाताने घडवलेली गोष्ट वाचलेल्या गोष्टीपेक्षा पक्की बसते. दहाव्या वर्षी मुलाच्या बोटांनी शिवकालीन हवालदाराला ब्रिटिश फिती लावल्या, तर विसाव्या वर्षी त्याला "त्या काळी असेच होते" हे वाक्य स्वतःची आठवण वाटेल.

२७/
आता चौथा आक्षेप, ज्याच्यासाठी हा थ्रेड लिहिला: "खांब कशाले? बोलाचाली होईन." तो खांब म्हणजे भीमा नदीकाठचा कोरेगावचा विजयस्तंभ. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, पुण्याचे काही स्वार आणि मद्रासचे तोफखानेवाले पेशव्याच्या मोठ्या फौजेपुढे दिवसभर टिकून राहिले. कंपनीने तेथे स्तंभ उभारला. त्यावरील मृतांच्या नावांत "नाक" हा प्रत्यय असलेली बावीस महार नावे आहेत.

२८/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच समाजाला सैन्यभरतीची दारे बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभारली गेली. दुसरी आपल्या कामठीला.

२९/
या दुसऱ्या बटालियनमधील कॅप्टन मॉर्टलमन्स यांनी टोपीचा बिल्ला योजला: कोरेगावचा स्तंभ आणि त्यावर "महार" हा शब्द. १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हा स्तंभावर दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. पुढे स्तंभ गेला आणि त्याच्या जागी खंजीर आला. म्हणजे तीन टप्पे आहेत आणि प्रत्येकाला आपला काळ आहे. १९४५ च्या कामठीतील शिपायाच्या टोपीवर खंजीर असू शकत नाही.

३०/
कोरेगावच्या लढाईचा अर्थ काय, ती कोणाची जीत आणि कोणाची हार, कंपनीचा स्तंभ स्वाभिमानाचे प्रतीक कसा झाला, यावर जरूर वाद घाला. मीही घालीन. परंतु तो स्तंभ १९४५ मध्ये त्या टोपीवर होता की नव्हता, हा वादाचा विषय नाही. होता. छायाचित्रात आहे. वाद टाळण्यासाठी पुरावा झाकणारा मनुष्य तटस्थ राहत नाही. त्याने कोणाचा पणजा नजरेआड करायचा हे ठरवलेले असते.

३१/
हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. कोणी १८१८ च्या कोरेगावच्या शिपायाला १९४१ चा स्तंभाचा बिल्ला लावला, तर तेही तितकेच चूक. लढाई झाली तेव्हा स्तंभ उभाच नव्हता. अभिमान खरा असला म्हणून तारीख सैल होत नाही. ज्याला स्तंभ गाळण्याचा अधिकार नाही, त्याला तो जोडण्याचाही नाही.

३२/
म्हणून मूर्ती करणाऱ्या तरुण मित्रांसाठी माझे चार आग्रह.
एक: ब्रश उचलण्याआधी मूर्तीचे वर्ष, पलटण आणि हुद्दा कागदावर लिहा.
दोन: पदक लावताना ते त्या क्षणी मिळाले होते का, हे विचारा.
तीन: आजचे चिन्ह हे नेहमीच संशयित समजा.
चार: खात्री नसेल तर जागा कोरी ठेवा आणि खालच्या पाटीवर तसे लिहा: "चिन्ह निश्चित नाही."

३३/
त्या चौथ्या आग्रहाची लाज वाटू देऊ नका. शिलालेखाचा फुटलेला भाग संशोधक आपल्या कल्पनेने कोरून पुरा करीत नाही. तेथे तो मोकळी जागा सोडतो आणि वाचकाला सांगतो. मूर्तिकाराने तेवढा संयम का दाखवू नये? कोरी बाही पाहणाऱ्याला विचारते, "तुमच्या घरी काही छायाचित्र आहे का?" खोटा बिल्ला तो प्रश्नच बंद करतो.

३४/
आणि हो, घरची छायाचित्रे पाहा. विदर्भात अशी किती तरी घरे आहेत जेथे ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, पोथीच्या पानांत गणवेशातला एखादा आजा-पणजा पडून आहे. मोबाइलने प्रकाश तिरपा टाकून टिपा. टोपी, खांदा, दंड आणि छाती यांचे वेगळे फोटो घ्या. पाठीवरचा मजकूरही घ्या. मूळ छायाचित्र पुसू नका, त्यावर पाणी लावू नका. या प्रतिकृतींच्या छंदाचे खरे फळ शोकेसमध्ये नसते, त्या ट्रंकेत असते.

३५/
शेवटी त्या मुलाविषयी. प्रदर्शन संपायला दोन तास होते. त्याने नखाने खंजिराचा बिल्ला हलकेच उचकटला. वीतभर मूर्तीवर तो बिल्ला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. त्या जागी त्याने पितळी रंगाने एक उभी रेघ ओढली, खाली थोडी रुंद, वर निमुळती. वरचा शब्द त्याच्या ब्रशला झेपला नाही. तो त्याने पाटीवर लिहिला. मग पणज्याचे छायाचित्र मूर्तीच्या अगदी लगत सरकवले.

३६/
ते जाणते गृहस्थ पुन्हा फिरत आले. बराच वेळ पाहत राहिले. कोणाची बोलाचाली झाली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "हा खांब कोठचा बाबू?" आणि मुलगा सांगू लागला. सव्वादोनशे शब्दांत नव्हे, चार-पाच वाक्यांत. पण वर्षे बरोबर होती. खऱ्या चिन्हाने जे करायचे असते ते त्या उभ्या रेघेने केले.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरच्या ट्रंकेत असे काही सापडले तर आधी वर्ष शोधा, मग रंग कालवा.